पहिल्या रांगेचं पान

एस्तेली, निकाराग्वा, २ ऑगस्ट २००९

नूबिया,

हे पत्र अर्लेनबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही. तेव्हा फाडायचंच असेल तर आधी वाचून फाड.

तुझी लेक महिनाभरापूर्वी आपल्या सिगारीच्या फॅक्टरीत लागली. मी लावली नाही. टायपिंगचा क्लास तिने सोडला, मला दोन आठवड्यांनी सांगितलं, आणि तोवर तिला जागाही मिळाली होती. सहावी रांग, भिंतीजवळ, पंख्याखाली. रविवारी फोनवर ती तुला हे सांगत नाही, हे मला शेजारच्या खोलीत ऐकू येतं. तिच्यावर रागावू नकोस. अकरा वर्षं तू आमच्या घरी फोन करतेस आणि मी उचलला की ठेवून देतेस, त्यामुळे तुझ्याशी काय बोलायचं आणि काय नाही, हे पोरगी आपल्या दोघींकडूनच शिकली.

मी पोरगी म्हणते खरी, पण एकोणीस संपली तिला. दाढ दुखत होती, ती काढली. तू पाठवलेले बूट पायाला होतात. जेवण नीट आहे. रोज राजमा-भात खाऊन कंटाळा आला म्हणते आणि दोनदा वाढून घेते.

पहिल्याच आठवड्यात विल्फ्रेदो मुकादम तिच्या टेबलापाशी थांबला, तिच्या सिगारी बोटांत फिरवून बघितल्या आणि म्हणाला, “आईचा हात आलाय.” अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला. ती तिथे हसली. घरी आल्यावर हसली नाही.

माझं म्हणशील तर फेब्रुवारीपासून मी टेबलावर नाही. पाठ धरते असं सांगून पानखोलीत बदली मागितली आणि मुकादमाने दिली. पहिल्या रांगेत सतरा वर्षं काढल्यावर एवढं कोणीही दिलं असतं. आता मी पानं भिजवते, झटकते, निवडते, जुड्या बांधून वाटते. बसून काम आहे.

तो शनिवार मी विसरलेले नाही. तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस की दिग्नाचा रोजच्या सिगारींचा आकडा हाताचा नाही, पानाचा आहे, सारखं पान द्या मग बघू. मुकादमाने दिलं. दोघींना शेजारी बसवलं, पन्नास-पन्नास सिगारी. माझ्या पन्नास झाल्या तेव्हा तू एकतिसावर हात टेबलावर ठेवून बसली होतीस, हरलेलं माणूस बसतं तशी. तीन आठवड्यांनी कोस्ता रिकाची बस धरलीस. हरणं एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं, असं मला तेव्हाही वाटत होतं.

हे पत्र पार्सलवाल्या चेपिताबाईंकडे देते आहे. उत्तर द्यायचं तर त्या तिकडून शुक्रवारी परत निघतात.

दिग्ना

२३ ऑगस्ट

नूबिया,

चेपिताबाई म्हणाल्या की पाकीट तुझ्या हातात दिलं, तू ते पिशवीत टाकलंस आणि कॉफी विचारलीस. ठीक आहे.

अर्लेनचा आकडा दिवसाला दोनशे दहावर अडकलाय. तीन महिन्यांत दोनशेच्या खाली आली की घरी पाठवतात, ते तुला माहीत आहे. तिच्या शेजारच्या टेबलावरची म्हातारी सोकोरोबाई एकशे ऐंशी करते, पण तिला मुकादम काही म्हणत नाही, तिचा जावई गेटवर असतो.

परवा जेवताना पोरीने विचारलं, “मावशी, माझ्यात काही कमी आहे का? खरं सांग, मला राग येणार नाही.”

मी म्हटलं, सवयीने होईल. आणि तव्यावरची तोर्तिया उलटायला उठले.

तिची जुडी रोज सकाळी मीच तिच्या टेबलावर ठेवते. पानखोलीची रीत तू विसरली नसशील, पण तू आत कधी काम केलं नाहीस, म्हणून सांगते. पहाटे पानं भिजतात, ओल्या कापडाखाली ठेवतात. मधली पानं रेशमासारखी होतात, ओढली की ताणली जातात, सिगारीवर गुंडाळताना फाटत नाहीत. कडेची पानं तासाभरात सुकायला लागतात. वाटणारी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत प्रत्येक पान धरते, आणि चिमटीलाच कळतं. मऊ पान पहिल्या रांगेला जातं. मग दुसऱ्या. सहाव्या रांगेपर्यंत जुडी पोचते तेव्हा तिच्यात उरलेलं असतं ते उरलेलं. कोणी ठरवून केलेलं नाही हे. पहिली रांग जास्त माल काढते, तर चांगलं पान तिलाच द्यावं, वाया जाऊ नये, असं मला पहिल्या दिवशी सांगितलं. मला त्यात काही खटकलं नाही. सतरा वर्षं ते पान मीच घेत होते.

नवीन बाई मागे बसते, आकडा वाढला की पुढे सरकते. मागच्यांचा आकडा वाढत नाही. मग लोक म्हणतात हात नाही.

तुला आठवतं ना, आपण दोघी एकाच दिवशी लागलो. मी जेवणाचा डबा घरी विसरले होते आणि तू तो आणायला परत पळालीस. मी आत शिरले तेव्हा पहिल्या रांगेत माउराच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथली बाई आदल्या दिवशी बाळंत झाली होती. मुकादम म्हणाला, तात्पुरती बैस. तू डबा घेऊन आलीस तेव्हा फक्त सहाव्या रांगेत जागा होती. ती बाळंतीण परत आलीच नाही.

हे आज का लिहिलं ते मलाही नीट माहीत नाही. तांदूळ महाग झाले.

दिग्ना

१३ सप्टेंबर

नूबिया,

फॅक्टरीत काहीतरी विचित्र चाललंय.

तीन आठवड्यांत मागच्या रांगांचे आकडे वाढले. हळूहळू नाही, एकदम. अर्लेन परवा दोनशे नव्वदवर गेली. पाचव्या रांगेतल्या दोन नवीन मुली तीनशेच्या आसपास आहेत. आणि पहिल्या रांगेच्या बायका कुरकुर करताहेत की पान फाटतंय. मुकादमाने आधी त्यांना गप्पा कमी करा म्हणून झापलं. मग रेडिओ बंद केला. मग आतलं भरण बांधणाऱ्या पुरुषांवर घसरला की तुम्ही सैल बांधता. शेवटी म्हणाला, बायकांना हल्ली मेहनत नको. पानखोलीकडे त्याने बघितलंही नाही. तिथे मी आहे ना, एस्तेलीतला सगळ्यात चांगला हात.

मला मात्र समजलं. कुणाला सांगू, म्हणून तुला सांगते.

पाठ धरत नाही माझी. उजव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं गेली आहेत. दुखत नाहीत, काहीच होत नाही. जानेवारीत चुलीवरचं भांडं हाताने उचललं आणि कातडी सोलली तेव्हा डोळ्यांना दिसलं की भाजलंय. आरोग्य केंद्रातल्या बाईने मनगट दाबून बघितलं, किती वर्षं हे काम करतेस विचारलं, आणि गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या. फॅक्टरीत कोणाला माहीत नाही. अर्लेनलाही नाही. पहिले काही महिने डाव्या हाताने निभावलं, आता तोही चालला.

काल घरी करून बघितलं. एक फडकं ओलं केलं, एक कोरडं ठेवलं, डोळे मिटून चिमटीत धरलं. ओळखता येईना. मग पानखोलीत मी दोन-तीन आठवडे काय वाटते आहे ते लक्षात आलं. जी हाताला लागेल ती जुडी. डोळ्यांनी पानं सगळी सारखीच दिसतात, तुला माहीत आहे. कोणाला मऊ गेलं, कोणाला सुकं, देवाला ठाऊक.

पण सगळं तेवढंच नाही, हेही लिहिते. माउराला फाटकं पान गेलं तरी ती तीनशे चाळीस करते. ती बाई थुंकीने पान जोडेल. आणि सोकोरोबाईच्या टेबलावर रेशीम पडलं तरी एकशे ऐंशीच. म्हणजे हात असतो. मी आकडे रोज बघते. पहिल्या आणि शेवटच्या रांगेत आधी दीडशेचा फरक होता, आता तीस-चाळीसचा उरलाय. तेवढा हाताचा असेल.

मग माझा हात त्या तीस-चाळिसातला होता की बाकीच्यातला, हे मला कोण सांगणार? आता बसून करून बघायची सोयही राहिली नाही.

हे समजल्यावर रडू यायला हवं होतं, किंवा हसू. काही आलं नाही. मी फडकी वाळत घातली आणि झोपले.

दिग्ना

११ ऑक्टोबर

नूबिया,

मालकाने ठरवलंय की जानेवारीपासून शंभर सिगारींमागे मजुरीचे दोन दर. पुढच्या दोन रांगांना कसबी म्हणून जास्त, बाकीच्यांना आहे तोच. यादी मुकादमाने करायची. आणि आकड्यांनी तर गोंधळ घातलाय, म्हणून तो मंगळवारी पानखोलीत येऊन माझ्यासमोर पिंपावर बसला. केळीच्या पानात उकडलेलं मक्याचं नाकातामाल आणलं होतं माझ्यासाठी, त्याच्या बायकोच्या हातचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाला, आकडे सोड, आकडे वरखाली होतात. तू सांग, हात कुणाला आहे? मी म्हटलं, विचार करून सांगते. त्याने जाता जाता म्हटलं की तुझ्या भाचीचं नाव घालायचं असेल तर घाल, मी बोलणार नाही.

अर्लेनला वरचा दर मिळाला तर ती क्लासची फी भरून संध्याकाळी पुन्हा शिकू शकते. मी तिचं नाव सांगितलं तर काम झालं. पण मग बाकी चार रांगांना हात नाही, असा कागद माझ्या तोंडून लिहिला जाईल. आणि माझी बोटं गेल्याचं कळलं तर मला काढतील, नवीन बाई येईल, पान पुन्हा पुढे जाईल, आणि पोरगी दोनशे दहावर. असं सगळं एकमेकांत अडकलंय. गप्प राहणं सोयीचं आहे. मला ते चांगलं जमतं.

आता ते लिहिते ज्याच्यासाठी ऑगस्टपासून कागद खराब करते आहे.

त्या शनिवारी मुकादम मला म्हणाला, आतून दोन जुड्या आण, एकाच ढिगातल्या. मी आत गेले. ढीग एकच होता. एक जुडी मी मधून काढली, ओल्या कापडाखालून. दुसरी खिडकीकडच्या कडेची उचलली, जिला सकाळपासून वारा लागत होता. चिमटीत धरून बघितली दोन्ही, तेव्हा मला सगळं कळत होतं. बाहेर येऊन कडेची तुझ्यासमोर ठेवली.

घाईत झालं नाही, चुकून झालं नाही. खोलीतून तुझ्या टेबलापर्यंत अठरा पावलं आहेत.

मला हरायचं नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. हरले असते तर काही फार बिघडलं नसतं. पण आपल्या दोघींत फरक किती आहे ते मला कळून घ्यायचं नव्हतं. तू म्हणत होतीस ते खरं निघालं असतं तर मी जे काही होते ते सगळं एका रिकाम्या खुर्चीचं आणि विसरलेल्या डब्याचं निघालं असतं.

तुझ्या पोरीला मी वाढवलं, ते त्या शनिवारच्या बदल्यात नव्हे. ती मला आवडते.

दिग्ना

८ नोव्हेंबर

नूबिया,

सांगितलं.

आधी मुकादमाला एकट्याला सांगितलं. पानं कशी जातात, माझी बोटं कशी आहेत, आकडे का वरखाली झाले. तो हसला. त्याला वाटलं मी म्हातारपणी देवभोळी झाले. मग मी त्याच्या हातातली पेटती सिगार घेतली आणि विस्तवाचं टोक बोटावर टेकवलं. तेव्हा हसायचा थांबला. म्हणाला, “हे बाहेर बोलू नकोस, दिग्ना. मालकाला दोन दर पाहिजेत, कारणं नकोत.”

मी पंधरा दिवस बोलले नाही. मग सोमवारी दहाच्या कॉफीला पहिल्या दोन रांगांची नावं वाचून दाखवायला त्याने सुरुवात केली. अर्लेनचं नाव शेवटी, जास्तीचं म्हणून घातलेलं. मागच्या बायका कप हातात धरून ऐकत होत्या आणि मान डोलवत होत्या, जणू हवामान ऐकताहेत. ते डोलवणं मला बघवेना. मी पानखोलीच्या दारात उभी राहून सगळं सांगितलं. आवाज चढला नाही माझा, त्यामुळे पाठीमागच्यांना दोनदा सांगावं लागलं.

माउरा उठली. सतरा वर्षं आम्ही कोपराला कोपर लावून बसलो, तिच्या तीन मुलांची मी धर्ममाता आहे. म्हणाली, “म्हणजे माझ्या घराचं छप्पर पानखोलीच्या चिमटीतून आलं का?”

“तुझं कमी,” मी म्हटलं. “माझं जास्त.”

ती बसली. त्यानंतर पहिल्या रांगेतलं कोणी माझ्याशी बोललेलं नाही.

अर्लेन तिच्या जागेवरूनच म्हणाली, “आणि आईचं?”

मग शनिवारचं सांगितलं. अठरा पावलंसुद्धा. सगळ्यांसमोर हरलीस तर सगळ्यांसमोरच सांगायला हवं होतं. तिथल्या निम्म्या बायका तेव्हा नव्हत्याच. मुकादम होता. त्याने यादीची घडी घालून खिशात ठेवली.

त्या दिवसापासून मी देठं काढायच्या खोलीत आहे, जिथे म्हाताऱ्या बसतात. पानखोलीत नवी मुलगी आली, चांगल्या बोटांची. मंगळवारी पान पुन्हा पुढे गेलं. अर्लेन दोनशे वीस. म्हणजे माझ्या सांगण्याने झालं एवढंच की मी तिकडून इकडे आले.

ती घरी आली नाही. पाचव्या रांगेतल्या एका मुलीकडे राहिली. मी तिचे कपडे धुऊन पिशवीत घालून गेटवर ठेवले, सोकोरोबाईच्या जावयाने पोचवले.

पण गुरुवारी तिने एक केलं. सकाळी तिची जुडी आली, तिने ती सोडलीच नाही. तशीच उचलून मुकादमाच्या टेबलावर ठेवली आणि पानखोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मग तिची रांग उठली. मग पाचवी. सोकोरोबाई सगळ्यात शेवटी, गुडघे धरत. डिसेंबरच्या जहाजाचा माल अडकलाय आणि चाळीस टेबलं रिकामी. मुकादमाने आधी शिव्या दिल्या, मग मालकाला फोन केला. अकरा वाजता ठरलं की एक दिवस पान पुढून वाटायचं, एक दिवस मागून. दोन दरांचं काय ते जानेवारीत कळेल. मला देठांच्या खोलीच्या खिडकीतून हे नुसतं दिसलं, ऐकू आलं नाही. काय ठरलं ते शेजारच्या बाईने सांगितलं.

लोक म्हणताहेत, पोरगी आईवर गेली.

दिग्ना

२९ नोव्हेंबर

नूबिया,

अर्लेन घरी आली. दहा दिवस झाले. सरळ स्वयंपाकघरात गेली, पातेल्याचं झाकण उघडलं आणि म्हणाली की मीठ कमी आहे. मला चव कळते अजून, मीठ बरोबर होतं. पण घातलं.

काल तिने तुला माझ्यासमोर फोन केला. दार लावून घेतलं नाही. फोन ठेवल्यावर माझ्यासमोर बसली, माझा उजवा हात तिच्या हातांत घेतला, दाबला. मला दिसत होतं की ती दाबते आहे. आणि तुझा निरोप सांगितला. तिने तो तुझ्याच शब्दांत सांगितला असं ती म्हणते, तेव्हा मीही तिच्याच शब्दांत उतरवते, म्हणजे काही फरक असेल तर तू मला सांगशील.

“ताईला सांग, पत्रं सगळी वाचली. पानाचं मला त्याच दिवशी कळलं होतं. तिच्या जुडीखाली टेबलावर पाणी साचलं होतं आणि माझ्या जुडीची धूळ उडत होती. मी हरले म्हणून हात ठेवले नव्हते. ती वर बघेल आणि बोलेल, म्हणून थांबले होते.”

ताई म्हणालीस, ते अर्लेनने दोनदा सांगितलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की माझ्या पन्नास झाल्या तेव्हा तू थांबलेली होतीस. त्यात मी एक गाळलं. तू थांबलीस ते मला तेव्हाच दिसलं होतं. मी वर बघितलं होतं, नूबिया. तू माझ्याकडे बघत होतीस, रागाने नाही, आणि तुझ्या ओठाला पानाचा चुरा लागला होता. तेव्हा माझ्या चव्वेचाळीस झाल्या होत्या. मी मान खाली घातली आणि पंचेचाळिसावं पान उचललं.

सहा सिगारी गुंडाळायला मला नऊ मिनिटं लागत. तेवढा वेळ तू दिला होतास.

दिग्ना